फितीवरचा आवाज तबकडीवर

आपल्या घरांतून छायाचित्रांचे जतन जितक्या निगुतीने होते, तितके आवाजाचे होत नाही. लग्नाचे आल्बम कपाटाच्या वरच्या खणात डांबराच्या गोळ्यांच्या पहाऱ्यात सुखरूप असतात. कॅसेट मात्र माळ्यावरच्या बुटांच्या खोक्यात सापडतात, त्याही बहुधा घर रंगवायला काढल्यावर. वास्तविक पाहता हा हिशेब उलटा असावयास हवा. पणजोबांचे छायाचित्र चार नातलगांकडे असू शकते. परंतु मंगळागौरीच्या जागरणात आजीने म्हटलेली गाणी, भजनी मंडळाचा एखादा गुरुवार, बारशाच्या गडबडीत कुणीतरी चालू ठेवलेल्या टेपरेकॉर्डरने टिपलेले साऱ्या घराचे बोलणे, हे ज्या एका फितीवर आहे तिला बहुधा जगात दुसरी प्रत नसते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत तर या फितींचे मोल अधिकच आहे. सतराव्या शतकापासून तंजावर परिसरात रुजलेली मराठी, किंवा इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील घरांतून बोलली जाणारी मराठी, यांचा हेल कागदावर उतरत नाही. लिहावयास बसले की प्रमाण भाषा पुढे येते आणि बोली मागे राहते. तो हेल ऐकावयाचा तर आवाजच हवा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या फितींना एक नवा आसरा लाभला. घरच्या स्टीरिओ संचाला एक यंत्र जोडून स्वतःच्या हाताने सीडी तयार करणे शक्य झाले आणि ‘आता हे कायमचे झाले’ या समाधानाने अनेकांनी जुन्या कॅसेट टाकूनही दिल्या. त्या काळातील तबकड्या आता वीस वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाल्या आहेत. कायमचे म्हणून जे केले त्याचा ताळेबंद मांडावयास एवढा अवधी पुरेसा आहे.

लाल कळीचे युग

नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट प्रथम मांडली. लू ओटन्स या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली ती घडविली गेली. पुढे सीडीच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा होता. म्हणजे या लेखातील दोन्ही पात्रांच्या जन्माशी या एका माणसाचा संबंध आहे. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

चार मिलिमीटरहूनही अरुंद असलेली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या मंद गतीने सरकते. गती मंद आणि फीत अरुंद, त्यामुळे सुरुवातीला हे साधन संगीतासाठी फारसे योग्य मानले जात नव्हते. पण त्याने एक मोठे काम केले. ध्वनिमुद्रण ही ग्रामोफोन कंपनीची आणि आकाशवाणीची मक्तेदारी होती, ती घराघरांत आणली. लाल कळ आणि तिच्या शेजारची कळ एकदम दाबता आली की पुरे. आपल्याकडे १९८० च्या दशकात कॅसेटचा प्रसार झाला. आखातात नोकरीला गेलेले लोक परतताना टेपरेकॉर्डर आणू लागले, काही जण पत्राऐवजी बोललेली कॅसेटच घरी पाठवू लागले, आणि ज्यांना कुणी कधी ध्वनिमुद्रणालयात बोलावले नसते अशा माणसांचे आवाज मुद्रित झाले.

घरच्या घरी सीडी

सीडीची बाजारात विक्री १९८२ साली जपानमध्ये सुरू झाली. ती फक्त ऐकावयाची वस्तू होती. कारखान्यात ठसा उमटवूनच ती तयार होत असे. कोरी, एकदाच लिहिता येईल अशी सीडी-आर ही तबकडी जपानच्या ताइयो युडेन कंपनीने १९८८ साली विकसित केली. त्यानंतर जवळजवळ दशकभर तिच्यावर लिहिणारी यंत्रे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ च्या सुमारास फिलिप्सने घरगुती वापरासाठी सीडी रेकॉर्डर आणला आणि अन्य कंपन्याही मागोमाग आल्या. दिसावयास तो साधारण कॅसेट डेकसारखाच. ॲम्प्लिफायरच्या वर किंवा खाली त्याच रुंदीत बसणारा. त्याला संगणकाची गरज नव्हती. कॅसेट डेकवर कॅसेट, रेकॉर्डरमध्ये कोरी तबकडी, मध्ये दोन तारा, आणि तीच ओळखीची लाल कळ.

या तबकडीच्या पोटात रंगद्रव्याचा एक अत्यंत पातळ थर असतो व त्याच्या पाठीशी चांदीचा, क्वचित सोन्याचा, परावर्तक थर असतो. लिहिताना लेसर किरण तीव्र होतो आणि रंगद्रव्यावर उष्णतेने ठिपके उमटवितो. वाचताना तोच किरण सौम्य होऊन ठिपका कुठे आहे आणि कुठे नाही हे पाहतो. फितीवर आवाजाची लाट लाटेच्या रूपातच साठविली जाते. येथे मात्र ती दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदले जाते. थोडक्यात, फितीवर चित्र असते आणि तबकडीवर हिशेबाची वही.

गिऱ्हाइकाला चकविणारी एक बाब येथे होती. ही घरगुती यंत्रे संगणकासाठी मिळणारी साधी, स्वस्त सीडी-आर स्वीकारत नसत. त्यांना ‘डिजिटल ऑडिओ’ असे छापलेली निराळी तबकडीच लागे, आणि ती महाग असे. दोन्हींच्या ध्वनिगुणात मुळीच फरक नव्हता. फरक कायद्याचा होता. अमेरिकेने १९९२ साली घरगुती डिजिटल ध्वनिमुद्रणाविषयी कायदा करून कोऱ्या माध्यमावर ३ टक्के आणि यंत्रावर २ टक्के स्वामित्वशुल्क बसविले. त्याचा वाटा गायक, संगीतकार आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांना जाई. त्याच कायद्यान्वये अशा यंत्रांत एक कुलूपही घालावे लागले. विकत घेतलेल्या सीडीची डिजिटल प्रत काढता येई, पण त्या प्रतीची पुन्हा प्रत काढता येत नसे. या तबकड्यांचे नंतर संगणकावर काय करता येते याचा विचार त्या कायद्याने फारसा केलेला नव्हता, आणि ते कुलूप लवकरच शोभेचे उरले.

भारतात असे स्वतंत्र रेकॉर्डर थोड्याच घरांत पोचले. बहुतेकांनी संगणकातील सीडी रायटरचा आधार घेतला किंवा कॅसेटच्या दुकानात काम सोपविले. दुकानात काम होते, परंतु दुकानदाराला तासभर अनोळखी आजीचे गाणे ऐकण्याचे कारण नसते. यंत्र लावून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. साठ मिनिटांची कॅसेट उतरावयास साठ मिनिटेच लागतात, आणि ती साठ मिनिटे कुणीतरी कान देऊन बसले होते की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून असते.

कान देऊन बसावयाचे काम

वर्षानुवर्षे एकाच जागी पडून राहिलेली कॅसेट थेट लावू नये. फितीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असू शकतात. म्हणून ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून मोकळी करावी. कॅसेटच्या मागच्या कडेवरील प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या खिट्ट्या शाबूत असतील तर आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून लाल कळ दाबली गेली तरी मजकूर पुसला जाणार नाही. फितीला आतून रेटणारा लोकराचा लहानसा तुकडा पुष्कळदा गळून पडलेला असतो. तसे असल्यास आवाज दबका व अस्पष्ट येतो आणि फीतच खराब झाली असा समज होतो. स्क्रूची चांगली कॅसेट उघडून तिच्या कवचात जुनी फीत बसविली की तोच आवाज उजळतो. ज्या टेपरेकॉर्डरवर मूळ ध्वनिमुद्रण झाले तो चालू स्थितीत असेल तर त्यावरच फीत वाजवावी, मग तो कितीही साधा असो. त्याच्या हेडचा कोन थोडा वाकडा असेल तर फितीवरची नोंदही तितक्याच वाकड्या कोनात झालेली असते, आणि भारी डेकवर ती नीट वाचली जात नाही.

तारांची जोडणी ॲम्प्लिफायरच्या ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ या खोबणीतून करावी. तेथून निघणाऱ्या संकेतावर आवाज कमीजास्त करणाऱ्या अगर खर्ज-तार बदलणाऱ्या बटणांचा परिणाम होत नाही. हेडफोनच्या खोबणीतून तार काढली तर तो परिणाम सबंध ध्वनिमुद्रणात उतरतो, आणि पुढे काढून टाकता येत नाही. ग्रामोफोन तबकडीसाठी ॲम्प्लिफायरला ‘फोनो’ ही स्वतंत्र खोबण लागते. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम घटविलेला आणि तार वाढविलेला असतो. ‘फोनो’ विभाग त्याची भरपाई करतो आणि क्षीण संकेत वाढवितो. ती भरपाई न करता उतरविलेली गाणी डब्यातून आल्यासारखी वाटतात.

सर्वांत अधिक नुकसान होते ते पातळी ठरविताना. कॅसेटवर भरणाऱ्यांना काटा शून्याच्या थोडा पुढे, लाल भागात नेण्याची सवय असते. फीत ते सोसते. तिच्यात आवाज थोडा दबतो, किंचित भरीवही वाटतो. तबकडीला ही सोशिकता नाही. शून्याच्या पुढे आकडेच नाहीत, त्यामुळे लाटेचा माथा सपाट छाटला जातो आणि कानठळ्या बसविणारी करकर उमटते. म्हणून कॅसेटमधील सर्वांत चढा भाग आधी शोधावा, तो शून्याच्या बराच खाली ठेवावा आणि मग पातळीला हात लावू नये. घरगुती ध्वनिमुद्रणात हा चढा भाग गाण्यात नसतोच. तो टाळ्यांत, टेपरेकॉर्डरजवळच्या मुलाच्या ओरडण्यात किंवा शेजारी आदळलेल्या भांड्यात असतो.

घरगुती सीडी रेकॉर्डरमध्ये आणखी एक सोय असे, आणि आपल्या संगीतापुरती ती गैरसोयच ठरे. दोनतीन सेकंद शांतता आढळली की नवे गाणे सुरू झाले असे समजून यंत्र आपोआप पुढचा क्रमांक टाके. इंग्रजी गाण्यांच्या कॅसेटला हे ठीक. विलंबित ख्यालात गायक समेवर येऊन क्षणभर थांबला, तानपुऱ्यापासून ध्वनिग्राहक दूर होता, की यंत्राला वाटे गाणे संपले. कीर्तनकाराचे थांबणे, ओवी म्हणणारीचे पुढचा चरण आठवणे, या सगळ्यांचे तुकडे पडत. सीडी-आरवर एकदा पडलेला क्रमांक पुसता येत नसे. ती सोय बंद ठेवून क्रमांक हाताने टाकणे हाच उपाय होता, आणि त्यासाठी पुन्हा यंत्राजवळ बसणे आलेच.

सी-९० कॅसेटचा प्रश्न निराळाच. तबकडी ७४ किंवा ८० मिनिटांची. कॅसेट ९० मिनिटांची. पुष्कळांनी तबकडी भरेपर्यंत भरली आणि शेवटची दहा-पंधरा मिनिटे सोडून दिली. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात त्या शेवटच्या मिनिटांत बहुधा भैरवी असते. एका कॅसेटसाठी दोन तबकड्या लागतात हे मान्य करून प्रत्येक बाजू स्वतंत्र उतरविणे एवढाच याला पर्याय होता.

सर्व भरून झाल्यावर तबकडी ‘फायनलाइज’ करावी लागे. या क्रियेत तबकडीच्या आतल्या कडेला अनुक्रमणिका लिहिली जाते. ती नसेल तर भरणारे यंत्र तबकडी वाजविते, पण साधा सीडी प्लेयर तिला ओळखत नाही. आज अनेक घरांत ‘कोरी निघाली’ म्हणून बाजूला पडलेल्या तबकड्यांपैकी काही प्रत्यक्षात कोऱ्या नसून फायनलाइज न केलेल्या आहेत. त्या टाकून देऊ नयेत. तबकडीच्या खालच्या बाजूवर तिरपा प्रकाश पाडला असता लिहिलेला भाग आणि न लिहिलेला भाग यांच्या रंगछटेतील फरक डोळ्यांनाही दिसतो.

फितीचा खरखराट काढून टाकावा काय, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. संगणकावर तो काढणाऱ्या प्रणाली सहज मिळतात आणि प्रथम ऐकताना परिणाम जादूसारखा वाटतो. दुसऱ्यांदा ऐकले की तानपुऱ्याची जवारी बोथट झालेली जाणवते, श्वास नाहीसे झालेले असतात आणि म्हाताऱ्या आवाजातील बारीक कंप पुसट झालेला असतो. खरखर आणि हे सगळे ध्वनिपटलाच्या एकाच भागात राहतात. एकाला हुसकावताना दुसऱ्याला धक्का बसतो. ऐकण्यासाठी स्वच्छ केलेली एक प्रत खुशाल करावी. जपणुकीची प्रत मात्र खरखरीसकट असावी.

तबकडीचे वय

सीडी अमर आहे, अशी त्या काळची समजूत होती. कारखान्यात ठसा उमटविलेली सीडी खरोखरच दीर्घायुषी असते. घरी लिहिलेली तबकडी ही निराळी जात आहे. तिचे रंगद्रव्य प्रकाशाला, विशेषतः उन्हाला, आणि उष्णतेला हळवे असते. खिडकीशेजारी किंवा मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या तबकड्या सर्वांआधी गेल्या. परावर्तक थर नावाच्या बाजूला, केवळ लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तेव्हा चकचकीत बाजूवरच्या चऱ्यापेक्षा नावाच्या बाजूवर टोकदार बॉलपेनने हौसेने लिहिलेला मजकूर अधिक घातक. चिकटविलेली कागदी लेबलेही कालांतराने आकसतात व तबकडी वाकवितात.

फीत आणि तबकडी यांच्या म्हातारपणात मोठा फरक आहे. फीत हळूहळू थकते. आवाज मंदावतो, वरचे स्वर झिजतात, पण पन्नास वर्षांची कॅसेटही काहीतरी ऐकविते. तबकडीत चूक दुरुस्त करणारी गणिती योजना असते. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीपर्यंतचा दोष ती पूर्ण भरून काढते, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे आतून खंगत चाललेली तबकडी शेवटच्या दिवसापर्यंत ठणठणीत वाजते आणि मर्यादा ओलांडली की एकाएकी अडखळू लागते, किंवा ‘नो डिस्क’ एवढेच सांगून मुकी होते. जुनी कॅसेट जिवंत आहे आणि तिच्यावरून केलेली तबकडी गेली, असा उलटा प्रकार घडतो तो यामुळे.

या व्यवसायाचाही बहर ओसरला. नोएडा परिसरात कारखाने असलेल्या मोझर बेअर या भारतीय कंपनीने १९९९ साली सीडी-आरचे उत्पादन सुरू केले आणि काही वर्षांतच जगातील मोठ्या उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. २०१८ साली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. सीडी-आरची जनक ताइयो युडेनही २०१५ अखेर या व्यवसायातून बाहेर पडली. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा तबकडीची खाचही नसते. बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह घ्यावा लागतो. तो मिळतो आहे तोवर २००० च्या दशकातील तबकड्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. एमपी-थ्री नव्हे, तर डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी या स्वरूपात, म्हणजे मजकूर गाळला जात नाही. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला डब्ल्यूएव्ही स्वरूपात सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. आजच्या हार्ड डिस्कपुढे ती नगण्य आहे. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीकडे, असावी. मुदत ठेवीप्रमाणे हिचेही काही वर्षांनी नूतनीकरण करावयाचे असते, फरक इतकाच की मुदत संपल्याची सूचना कुणी पाठवीत नाही. आणि मूळ कॅसेट उतरवून झाली तरी टाकू नये. पुढे कधी अधिक चांगल्या यंत्रावर ती पुन्हा वाचावयाची वेळ येऊ शकते.

कायद्याची बाजूही थोडक्यात पाहण्याजोगी आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खासगी व वैयक्तिक वापरासाठी रास्त उपयोगाची मुभा देते. कुटुंबातल्या ध्वनिमुद्रणांचा प्रश्न त्यामुळे सहसा येत नाही. प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकांवरील हक्क मात्र प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो, आणि त्यांच्या प्रती काढून वाटणे किंवा विकणे हा वेगळा विषय होतो.

कोण बोलते आहे

गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम करीत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार बेल यांच्या साह्याने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा आहे. तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या या ओव्या आहेत आणि गावांची संख्या हजाराहून मोठी आहे. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने तो टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला केला. इतक्या वर्षांनी हे साध्य झाले, कारण ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदलेले होते. नोंदींच्या बळावर कार्यकर्ते पुन्हा त्या गावी जाऊन त्या स्त्रियांना किंवा त्यांच्या लेकीसुनांना भेटू शकले.

घरातील कॅसेटवर मात्र ‘आई – भजन’ किंवा नुसते ‘नाशिक’ एवढेच लिहिलेले असते. लिहिणाऱ्याला तेवढे पुरेसे होते. पुढच्या पिढीला ही आई कुणाची, नाशिकला काय होते, पेटी कोण वाजविते आहे आणि मधेच हसणारी ती बाई कोण, हे सांगणारे कुणी उरलेले नसते.

साठ मिनिटांची कॅसेट ऐंशी मिनिटांच्या तबकडीवर उतरविली की वीस मिनिटे मोकळी राहतात. हार्ड डिस्कवर तर जागेचा प्रश्नच नाही. घरात त्या प्रसंगाला हजर असलेली एखादी आत्या किंवा मावशी असेल, तर तिला कॅसेट ऐकवावी, ती ऐकत असताना मोबाइलचे ध्वनिमुद्रण चालू ठेवावे, आणि तिचे बोलणे त्याच ध्वनिमुद्रणाच्या पाठोपाठ जोडून द्यावे. ती अध्येमध्ये थांबवील, ‘अगं, ही तर गोदूमावशी’ म्हणेल, गाण्याचा विसरलेला चरण स्वतःच पुरा करील. तेही राहू द्यावे.